अस्तर : जुन्या चित्रपट-भित्तिपत्रकांची घरगुती डागडुजी

ज्या वस्तूचे आयुष्य तिच्या कर्त्यानेच फार तर चार आठवड्यांचे मुक्रर केले होते, ती वस्तू सत्तर-ऐंशी वर्षांनंतर आपल्या हाती यावी आणि तिला आणखी तितकेच आयुष्य देण्याची उमेद आपल्या मनात उत्पन्न व्हावी, ही एक प्रकारे काळाशी घातलेली हुज्जतच होय. परंतु बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, अथवा मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर, गंजलेली कुलपे, बिनकाट्यांची घड्याळे आणि फुटके ग्रामोफोन यांच्या पसाऱ्यातून आठ घड्या पडलेला एखादा रंगीत कागद ज्याने जपून उलगडला, आणि त्या घड्यांतून कोणे एके काळच्या नायिकेचा अर्धा चेहरा वर येताना पाहिला, तो ही हुज्जत घातल्यावाचून सहसा राहत नाही.

मी या नादाला लागलो तो अशाच एका कागदापायी. एका पौराणिक चित्रपटाचे ते भित्तिपत्रक होते; कोणत्या, ते सांगता येत नाही, कारण ज्या कोपऱ्यात नाव छापलेले असावे तो कोपरा कसरीने फस्त केला होता. मधल्या उभ्या घडीवर कागद दुभंगलेला, पाठीमागे कोणी तरी कळवळ्याने लावलेल्या चिकटपट्ट्या पिवळ्या पडून पारदर्शक झालेल्या, आणि तळाच्या कोऱ्या पट्ट्यावर 'आजपासून रोज दोन खेळ' अशी चिठ्ठी डकवून तीवर टूरिंग टॉकीजचा जांभळा शिक्का मारलेला. त्या शिक्क्याची हकीकत पुढे येईल. तूर्त इतकेच सांगतो की या प्रकरणात जे काही सांगावयाचे आहे त्यातील निम्मे मी त्या एका कागदाचे नुकसान करून शिकलो.

भिंतीसाठी छापलेला कागद

आपल्याकडील चित्रपटाचे भित्तिपत्रक चित्रकाराच्या कुंचल्यातून आणि शिळाप्रेसच्या दगडावरून अवतरले, आणि हे दोन्ही व्यवसाय चित्रपटाहून वयाने वडील होते. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्यापूर्वीच फाळके शिळामुद्रणाच्या आणि छपाईचे ठसे तयार करण्याच्या धंद्यात मुरलेले होते, आणि राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या व पुढे मळवलीस हलविलेल्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले होते. लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी ज्या कलेने घरोघर पोचविल्या, तिनेच पुढे पडद्यावरचे देव आणि राजे रस्त्यावरच्या भिंतींवर चढविले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर, जे नाटकांचे पडदे रंगविता रंगविता चित्रपटाकडे वळले, आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः चितारीत. त्यांच्या १९२४ मधील 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय भित्तिपत्रकांपैकी सर्वांत जुन्यांत मोजले जाते. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन केली, तेव्हा साहेबमामा फत्तेलाल यांच्यासारखा जातिवंत चित्रकार तिच्या मालकांतच होता. आणि पुढे जगभर कीर्ती पावलेले मकबूल फिदा हुसेन यांनीही मुंबईतील आपल्या उमेदवारीच्या काळात सिनेमाचे फलक रंगवून उदरनिर्वाह केला.

शिळाप्रेसवर प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे. चित्रकार तेलकट खडूने दगडावर चित्र काढी, दगड भिजविला की पाणी मोकळ्या जागी आणि तेलकट शाई चित्रावर बसे, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढत जात. म्हणून त्या काळच्या भित्तिपत्रकावर भिंग धरले असता खडूचा अनियमित, वाळूसारखा रवा दिसतो. पुढे ऑफसेट छपाई आली, आणि रव्याच्या जागी कवायतीच्या शिपायांसारखे रांगेत उभे असलेले ठिपके आले. 'जुने' म्हणून विकावयास ठेवलेल्या कागदाची परीक्षा करण्याचा हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय. शिळाप्रेसवरील म्हणून सांगितलेल्या भित्तिपत्रकात रांगेतले ठिपके दिसले, आणि ठिपक्यांच्या आत घड्यांच्या रेषाही छापूनच आलेल्या दिसल्या, तर ते जुन्या प्रतीचा फोटो काढून केलेले नवे पुनर्मुद्रण आहे असे खुशाल समजावे.

या कागदांची किंमत केवळ रंगांमुळे वाढत नाही. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला, आणि आज त्याची एकही प्रत कोठे उपलब्ध नाही. जुनी फिल्म नायट्रेटची असे, ती भडकन पेट घेई. नाही पेटली तरी तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी ती मोडीत निघे. पुण्यात चित्रपटांच्या कोठाराला २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत उरलेल्यांतील बऱ्याच प्रती गेल्या. चित्रपट नाहीसा होतो आणि त्याची जाहिरात तेवढी मागे राहते, असा उलटा न्याय या क्षेत्रात वारंवार झाला आहे; अशा वेळी भित्तिपत्रक हाच त्या चित्रपटाचा दस्तऐवज ठरतो, आणि दस्तऐवजाशी वागण्याचे जे नियम तेच त्याला लागू होतात.

कागद का मरतो

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. त्यांतील दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचा एखादा जुन्नरी कागद उचलला तर तो अजून हातात लवतो, आणि आमच्या आजोबांच्या काळातील भित्तिपत्रक मात्र भाजलेल्या पापडासारखे मोडते, याचे कारण वयात नसून जन्मात आहे. जुन्नर येथे किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद होत असे तो चिंध्या आणि ताग यांच्या लांब तंतूंचा. भित्तिपत्रकाचा कागद हा लाकडाच्या लगद्याचा, त्यातही स्वस्त प्रतीचा. त्यात लाकडातील लिग्निन नावाचे द्रव्य राहून गेलेले असते, जे उजेडाने आणि हवेने पिवळे पडते व आम्ल उत्पन्न करते. शिवाय शाई फुटू नये म्हणून कागद तयार करताना राळ आणि तुरटी वापरीत. तुरटीही कालांतराने आम्लच देते. हे आम्ल कागदातील सेल्युलोजच्या साखळ्या तोडीत राहते, आणि दमट हवा त्याला मदत करते. साखळी तुटली की तंतू आखूड होतो, तंतू आखूड झाला की कागद घडीवर चिरतो.

घड्या तर अटळ होत्या. सुमारे तीस इंच रुंद आणि चाळीस इंच उंच असा कागद टपालाने किंवा फिल्मच्या पेटीतून गावोगाव जाई, तेव्हा तो आठ पदरी घडी होऊनच जाई; आणि जो भिंतीवर लागला तो पावसाने वा पुढच्या चित्रपटाने गिळला. आपल्या हाती येतात ती बहुतेक भित्तिपत्रके भिंतीवर कधी लागलीच नाहीत. वितरकाच्या गोदामात शिल्लक राहिलेल्या गठ्ठ्यांतील ती पाने. ज्यांनी आपले नेमून दिलेले काम केले नाही तीच उरली, हे कबूल करणे भाग आहे.

पाहणी आणि पाणी

सरकारी कामात पंचनामा आधी आणि कारवाई नंतर, हा जो दंडक आहे तो या छंदात अक्षरशः पाळावा. कागद स्वच्छ टेबलावर उलगडून दोन्ही बाजूंचा फोटो काढावा. फाटी, भोके, डाग, शिक्के, चिठ्ठ्या, पाठीवरची पेन्सिलीची टिपणे, सारे वहीत नोंदवावे. बुरशी दिसल्यास नाकातोंडाला फडके बांधून कागद मोकळ्या हवेत न्यावा व मऊ ब्रशाने ती झाडावी. धूळही आधी कोरडीच काढावयाची, मऊ खोडरबराचा चुरा हलक्या हाताने मध्याकडून कडेकडे फिरवून; कारण पाणी लागले की तीच धूळ चिखल होऊन तंतूंत शिरते.

नंतर प्रत्येक रंगाची, होय, प्रत्येक रंगाची, परीक्षा. कापसाचा किंचित ओला बोळा रंगावर क्षणभर टेकवावा, त्यावर टीपकागद दाबावा, आणि टीपकागदावर काही उतरले का ते पाहावे. छपाईची शाई जवसाच्या तेलातील असल्याने ती बहुधा पाण्याला दाद देत नाही. परंतु शाईच्या पेनाची सही, हाताने भरलेला रंग आणि रबरी शिक्का हे पाण्याचे जातिवैरी आहेत. माझ्या पौराणिक भित्तिपत्रकाचे लाल, निळे, पिवळे, काळे असे सर्व रंग मी तपासले आणि कागद निर्धास्तपणे पाण्यात सोडला. चिठ्ठीवरचा शिक्का मात्र 'चित्राचा भाग नव्हे' म्हणून तपासला नाही. दोन मिनिटांत जांभळ्या धुराची एक लकेर पाण्यात वर आली आणि ज्या गावी तो चित्रपट लागला होता त्या गावाचे नाव माझ्या डोळ्यांदेखत विरघळून गेले. नोंद केलेली नव्हती, फोटो काढलेला नव्हता. त्या टूरिंग टॉकीजचा जगातला कदाचित शेवटचा पुरावा मी न्हाणीघराच्या मोरीत सोडून दिला.

चिकटपट्ट्या काढावयाच्या त्या धुण्यापूर्वी. केस वाळविण्याच्या यंत्राची मंद ऊब देऊन पट्टीचे टोक सैल करावे आणि पट्टी उभी न ओढता स्वतःवरच उलट दुमडून, कागदाला जवळजवळ समांतर, सावकाश सोलावी. डिंकाचा डाग खोल मुरला असेल तर तो राहू द्यावा. डाग घालविण्यासाठी कपड्यांचे ब्लीच वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. ते कागद पांढरा करते खरे, पण त्याच दमात सेल्युलोजही खाते; पांढराशुभ्र झालेला तो कागद वर्ष-दोन वर्षांत कुरकुरू लागतो.

ज्यांचे रंग परीक्षेस उतरले त्यांना स्नान. कागद एकटा कधी उचलू नये. पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मवर ठेवून तिच्यासकट उथळ परातीत किंवा कडा उंचावलेल्या प्लास्टिकच्या तक्त्यावर उतरवावा. पंधरा-वीस मिनिटांत पाणी चहासारखे होते. हे जे पिवळे उतरते तेच कागदाला आतून खाणारे द्रव्य होय. पाणी बदलावे, पुन्हा बदलावे, निवळ राहीपर्यंत. शेवटच्या पाण्यात किंचित चुन्याची निवळी घालण्याची जुनी रीत आहे. चुना आम्लाचे शमन करतो आणि थोडा कागदात राहून पुढील आम्लालाही उत्तर देतो. परंतु प्रशियन निळ्यासारखे काही रंग चुन्याने तपकिरी पडतात, म्हणून निवळीचीही परीक्षा आधी एका कोपऱ्यावर घ्यावी, आणि शंका आली तर निवळी सोडून द्यावी.

कुरडयांचा चीक

आता खळ. या विषयावरील परदेशी पुस्तकांत 'गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ' असे लिहिलेले असते, आणि ते वाचून मी पहिले कित्येक महिने हे द्रव्य कोठे मिळते याची चौकशी करीत फिरलो. अखेर अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील एका वृद्ध बुकबाइंडरने मला हसून विचारले, "अहो, तुमच्या घरी कुरडया करीत नाहीत का?" आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, चौथ्या दिवशी वाटून, फडक्यातून गाळून, रात्रभर निवळत ठेवून वरचे पाणी ओतून दिले की तळाशी जो पांढरा चीक बसतो, तोच तो शुद्ध स्टार्च. चोथ्याबरोबर गव्हातील चिवट ग्लुटेन निघून जाते. साध्या कणकेची किंवा मैद्याची खळ पिवळी पडते आणि कडक होते ती याच ग्लुटेनमुळे. महाराष्ट्रातील स्त्रिया उन्हाळ्यात गच्चीवर जी विद्या पिढ्यानुपिढ्या चालवीत आल्या, तीच कागदाच्या जगभरच्या संरक्षकांनी आपल्या प्रयोगशाळेत नेली आहे, इतकाच फरक.

एक वाटी चिकाला चार ते पाच वाट्या पाणी घ्यावे, मीठ-हिंग अर्थातच घालू नये. मंद आचेवर लाकडी पळीने एकाच दिशेने ढवळीत राहावे. प्रथम ते दुधासारखे असते, मग एकाएकी घट्ट होऊन पळीला ओढ देऊ लागते, आणि अर्धा तास धीर धरला तर त्याचा पांढरेपणा जाऊन त्याला काचेसारखी चमक येते. तेथे थांबावे. थंड झाल्यावर सपीटाच्या चाळणीतून दोनदा गाळावे, आणि वापरताना पाणी घालून पातळ ताकासारखे करावे. अस्तराची खळ पातळ, फाटी सांधण्याची थोडी दाट.

येथे त्या बुकबाइंडरशी माझा मतभेद झाला हे नमूद केले पाहिजे. ते खळीत मोरचूद घालीत, कसर लागू नये म्हणून, आणि त्यांच्या वडिलांनीही घातला होता. मोरचुदाने कसर येत नाही हे खरे. पण मोरचूद हे तांब्याचे क्षार, आणि तांबे सेल्युलोजच्या नाशाची क्रिया वेगाने घडवून आणते. वहीखात्याच्या पुठ्ठ्याला जे चालते ते ऐंशी वर्षांच्या कागदाला चालत नाही. त्यापेक्षा ताजी खळ तीन-चार दिवसांत संपवावी आणि उरलेली टाकून द्यावी.

सुताराचा पांढरा गोंद मात्र कोणत्याही सबबीवर वापरू नये. तो लवकर वाळतो, घट्ट धरतो, वास येत नाही, सारे गुण त्याच्यात आहेत; एकच गुण नाही, तो म्हणजे सुटण्याचा. गव्हाची खळ पन्नास वर्षांनीही पाण्याने सैल होते. या छंदातील सर्वांत मोठा नियम तोच आहे: जे आज आपण लावले ते उद्या आपल्याहून जाणत्या माणसाला काढता आले पाहिजे. प्लास्टिकचे लॅमिनेशन करून आणणाऱ्यांनी तर हा नियम कायमचाच धाब्यावर बसविलेला असतो.

अस्तर

कागदाला कापडाचे अस्तर लावण्याची कल्पना सिनेमावाल्यांची नव्हे, नकाशेवाल्यांची. मोजणी खात्याचे, लष्कराचे आणि मुलकी कचेऱ्यांतील नकाशे वारंवार उलगडावे-मिटावे लागत, म्हणून ते कापडावर चढविलेले असत. त्याच युक्तीने पुढे अमेरिकेत व युरोपात संग्राहकांनी आपली भित्तिपत्रके कापडावर चढविली. आपल्याकडे त्यासाठी मांजरपाटासारखे उत्तम कापड नाही. फक्त ते कोरे वापरू नये: दोन-तीनदा कढत पाण्यातून काढून त्यातील गिरणीची कांजी घालवावी आणि जे काय आटावयाचे ते आधीच आटू द्यावे.

भित्तिपत्रकापेक्षा चारही बाजूंनी पाच-पाच इंच मोठी, कोन काटकोनात असलेली लाकडी चौकट करून घ्यावी. ओले मांजरपाट तिच्यावर मध्यापासून कोपऱ्यांकडे ताणीत चुका ठोकाव्यात, असे की बोटाने टिचकी मारली असता त्यातून डफासारखा नाद यावा. कापड आणि कागद यांच्यामध्ये एक आम्लरहित कागदाचा पदर अवश्य असावा. कापड दमटपणाने एका रीतीने हलते आणि कागद दुसऱ्या. मधला पदर हा त्या दोघांतला मध्यस्थ. तुतीच्या सालीपासून होणारा जपानी कागद यासाठी सर्वोत्तम. तो न मिळाल्यास रंगरहित, तुरटीविरहित हातकागदाचा चांगला ताव घ्यावा.

मग ज्या अर्ध्या तासासाठी एवढी सिद्धता केली तो येतो. भित्तिपत्रक चित्राची बाजू खाली करून पॉलिएस्टरवर ओले पसरावे. ओला कागद वाढतो, आणि सर्व दिशांना सारखा वाढत नाही. तंतू ज्या दिशेने पहुडलेले असतात त्याच्या आडव्या दिशेने अधिक वाढतो. त्याला दहा मिनिटे वाढू द्यावे, फाटीच्या कडा एकमेकींजवळ येईपर्यंत हलक्या हाताने सरकवाव्यात, आणि मग पाठीवर पातळ खळीचा हात फिरवावा. मधला कागद कापडावर आधीच डकवून तयार असतो; त्यालाही खळ लावावी. दोघांनी पॉलिएस्टरची दोन-दोन टोके धरून भित्तिपत्रक मधोमध टेकवावे आणि रुंद, मऊ ब्रशाने मध्याकडून बाहेर हवा काढीत जावे. हे एकट्याचे काम नव्हे. आमच्या घरी दुसरी दोन टोके सौभाग्यवती धरतात, आणि "आता सोडा" हा हुकूमही त्याच देतात, कारण बुडबुडा कोठे राहणार हे त्यांना पापड लाटण्याच्या अनुभवावरून माझ्या आधी दिसते.

यापुढचे काम वाळण्याचे. चौकट सावलीत उभी करावी, पंखा लावू नये, उन्हात तर नेऊच नये. कागद वाळताना आकसू पाहतो, चौकटीवर ताणलेले कापड त्याला आकसू देत नाही, आणि या रस्सीखेचीत सत्तर वर्षांच्या घड्या आपोआप सपाट होतात. इस्त्रीने जे कधीच साधले नसते ते केवळ वाळण्याच्या क्रियेने साधते. घाईने वाळविले तर तीच ओढ कागद फाडते. कोरड्या हवेत पाच-सहा दिवस, पावसाळ्यात दहा-बारा. आणि कोकणात राहणाऱ्याने आषाढ-श्रावणात हे काम हाती न घेणे श्रेयस्कर.

प्रत्येक कागदाला कापड हवेच असेही नाही. लहान आकाराचे, फाटी थोड्या असलेले भित्तिपत्रक नुसत्या जपानी कागदाच्या अस्तरावर सुखाने राहते. आणि ज्याला घड्यांखेरीज काहीच झालेले नाही, त्याला अस्तर न लावता सपाट ठेवणे हीच उत्तम शुश्रूषा.

रंग कोठे थांबवावा

अस्तर वाळल्यावर भोके बुजवावयाची: त्याच जाडीच्या जुन्या कोऱ्या कागदाचा तुकडा भोकाच्या आकाराचा, पण कडा कापून नव्हे तर ओल्या रेघेवर फाडून, म्हणजे तंतू तंतूंत मिसळतात. अशा ठिगळावर जलरंगाने किंवा रंगीत पेन्सिलीने आसपासची छटा द्यावी. रंग द्यावयाचा तो ठिगळावर. मूळ छपाईवर एक ठिपकाही देऊ नये. हात सरावला की नायिकेचा फिकटलेला गाल जरा उजळावा, आभाळ जरा निळे करावे, असे वाटू लागते, आणि बाजारात अशा उजळलेल्या गालांना गिऱ्हाईकही असते. पण तेथे डागडुजी संपून लबाडी सुरू होते. जो विकतो त्याने कोठे काय भरले हे लिहून द्यावे, आणि जो विकत नाही त्याने आपल्या वारसांसाठी लिहून ठेवावे.

माझ्या भित्तिपत्रकाच्या खाल्लेल्या कोपऱ्यात मी कागद भरला आणि त्याला भोवतालचा मळकट पिवळा रंग दिला. जाणत्या मित्रांनी चित्रावरून दोन नावे सुचविली होती, एकाने तर त्या काळच्या वळणाची अक्षरे काढून देण्याची तयारीही दाखविली. दोन्ही नावे शक्य होती, म्हणूनच एकही लिहिता आले नाही. तो कोपरा कोराच आहे.

भिंत, नळी आणि कसर

एवढा खटाटोप केल्यावर कागद दिवाणखान्यात दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगणाऱ्यांनी हे प्रकरण वाचलेच नाही असे समजावे. उजेडाने गेलेला रंग कोणत्याही स्नानाने परत येत नाही. त्यातही लाल आणि पिवळा आधी जातात, म्हणून जुनी भित्तिपत्रके निळसर होऊन उरतात. चौकटीत लावावयाचे तर काच आणि कागद यांच्यात अंतर राखावे, पाठीस आम्लरहित पुठ्ठा द्यावा, आणि बाहेरची भिंत, जी पावसात पाझरते, ती टाळावी. गुंडाळून ठेवावयाचे तर नळी निदान चार इंच व्यासाची असावी व तिला आम्लरहित कागद गुंडाळलेला असावा.

एक विसंगती शेवटी ध्यानात ठेवावी. कसरीला कागदापेक्षा खळ अधिक आवडते, आणि अस्तर लावून आपण तिच्यासाठी कुरडयांचे ताट वाढून ठेवलेले असते. जुने लोक पोथ्यांच्या रुमालात वेखंड ठेवीत, तोही ठेवावा. पण खरा उपाय वेखंड नव्हे, तर नजर. जो कागद वर्षातून दोनदा उलगडून पाहिला जातो त्याला कसर लागली तरी ती वेळेवर कळते. दसऱ्याला आणि पाडव्याला, घरातली साफसफाई चाललेली असताना, नळ्या काढाव्यात, कागद हवेला द्यावेत, पाठीवरून बोट फिरवावे.

माझे ते पहिले भित्तिपत्रक आजही उलगडले म्हणजे तळाच्या चिठ्ठीवर फिकट जांभळा डाग दिसतो. भिंगाखाली त्यात शिक्क्याच्या गोलाची कड ओळखू येते, अक्षरे नाहीत. त्यानंतर मी धुतलेल्या प्रत्येक कागदाची नोंदवही ठेवली आहे, आणि तिच्या पहिल्या रकान्याचे नाव 'शिक्के व चिठ्ठ्या' असे आहे. वाचकांपैकी कोणी या छंदास लागणार असेल, तर त्याने खळ शिजविण्याआधी अशी एक वही आणावी.